तिथं पाणी कोण भरतं?

चष्मा कपाळावर चढवायचा, हातातला पेपर गुडघ्यावर ठेवायचा आणि समोर जो कुणी असेल त्याला विचारायचं, "ते सगळं ठीक. पण तिथं पाणी कोण भरतं?" मास्तरांची ही सवय ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी लातूरच्या बाजारपेठेतल्या गंजगोलाईमागचा एक जुना छापखाना डोळ्यांपुढे आणावा. बाहेर दुष्काळ, आत शाईचा वास आणि छपाईच्या खिळ्यांचा खडखडाट, आणि मधल्या खोलीत खादीची बंडी घातलेला एक प्रौढ माणूस. जगात कुठे सत्तापालट झाला की हा विचारणार, तिथं पाणी कोण भरतं? कुठल्या राजकन्येचं लग्न ठरलं तरी हाच प्रश्न. नव्या माणसाला वाटायचं, दुष्काळाने यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

परिणाम झाला होता हे खरं. पण तो दुष्काळाने नव्हे, एका बाईने केला होता.

मी तेव्हा त्या दैनिकात प्रुफं तपासायची. मराठी घेऊन एम.ए. झाले होते, घर औशाला, रोज एसटीने जाणं-येणं. अख्ख्या छापखान्यात मी एकटीच बाई. पहिल्या महिन्यात सगळे मला बघून उठून उभे राहायचे. दुसऱ्या महिन्यात कुणीतरी म्हणालं, "ताई, तेवढा चहा टाका की." मी टाकला नाही. मास्तर उठले आणि त्यांनी टाकला. साखर फार झाली होती, पण त्यानंतर मला कुणी चहा टाकायला सांगितलं नाही.

ते मूळचे नांदेडचे. गोदावरीच्या काठी वाढलेले, त्यामुळे लातूरला पाणी नाही याचा त्यांना आमच्यापेक्षा जास्त राग यायचा. बरीच वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. मग गुडघे आणि हेडमास्तर या दोघांशीही जमेना, म्हणून नोकरी सोडून लातूरला आले. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, बायको वारलेली. पेपरवर संपादक म्हणून मालकांचं नाव छापलं जायचं. मालकांची डाळमिल होती. अग्रलेख मात्र मास्तरांचा.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. दर आठवड्याला कुठल्या तरी घरावर सरकारी पाटी लागायची. कालपर्यंत ज्या माडीवर पापड वाळत होते तिथे आज उपसंचालकांचं कार्यालय. बाहेरगावचे कारकून बायकामुलं मागे ठेवून आले होते, त्यांच्यासाठी गल्लीगल्लीत खानावळी निघाल्या. आणि पाणी नव्हतं. टँकर यायचा तो कुणाच्या दारात आधी थांबतो, यावर मास्तरांनी एक अग्रलेख लिहिला. तो इतका चांगला होता की मालक दुपारीच डाळमिल सोडून आले.

"मास्तर, तुम्ही लिवलं ते खरं हाय. तीच तर अडचण हाय."

"मग काय लिहू?"

"जग केवढं मोठं हाय! परदेशावर लिवा. तिथून कुणी भांडायला येत न्हाई."

मास्तर परदेशावर लिहू लागले. इराण आणि इराकचं युद्ध चालू होतं आणि ते संपायचं नाव घेत नव्हतं, त्यामुळे विषयाची चिंता मिटली. रेडिओवरच्या बातम्या आणि हैदराबाद-मुंबईचे आदल्या दिवशीचे पेपर एवढ्या भांडवलावर ते इराकचा समाचार घेत. टँकरवर काढायचा सगळा राग त्या देशावर निघायचा. 'ज्या निर्जल वाळवंटात गवताची काडी उगवत नाही, तेथे केवळ वैर उगवते.' 'ज्या भूमीलाच दया ठाऊक नाही, तेथील माणसाला ती कोठून असणार?' आणि शेवटी सज्जड इशारा, 'इराकने अजूनही सावध व्हावे.'

"मास्तर," मी प्रूफ हातात घेऊन विचारायची, "इराकला आपला अंक पोस्टाने जातो का?"

"तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा," ते म्हणायचे.

मी थट्टा करत होते, पण ते लेख वाचले जात होते. इतके, की गावाच्या डोक्यात तो देश पक्का झाला. सलूनमध्ये दाढीला बसलेली माणसं इराकी माणसाचा स्वभाव सांगायची. टँकरपुढे भांडण लागलं की "काय इराक लावलाय का?" असं ओरडायची. एका वकिलाच्या हट्टी पक्षकाराला कोर्टाच्या आवारात 'इराकवाला' नाव पडलं. त्या देशात पाय ठेवलेला एकही माणूस या मंडळींनी पाहिला नव्हता. सगळं मास्तरांच्या अग्रलेखातून आलेलं.

याच सुमारास मास्तरांच्या डब्यातलं मीठ गेलं. ते एकटे असल्यामुळे त्यांचा डबा रुळांपलीकडच्या वस्तीतल्या एका मावशीकडून यायचा. नव्या जिल्ह्यातले निम्मे कारकून तिच्याच भाकरीवर जगत होते. सायकलवर डबे घालणारा माणूस दारात डबा ठेवून निघून जायचा, त्यामुळे मास्तरांनी मावशीला कधी पाहिलं नव्हतं. आठवडाभर भाजी अळणी आली. मास्तर सायकलवाल्याला म्हणाले, "मावशींना सांग, मीठ महाग झालं असेल तर मी पाठवतो." त्यांच्या मते हा विनोद होता.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः आली. काळीसावळी, ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला. डोक्यावर गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा होता. तो तिने सांभाळून खाली उतरवला.

"अग्रलेख लिवणारे मास्तर कोन?"

आम्ही सगळ्यांनी मास्तरांकडे बोट दाखवलं. छापखान्यात शूर माणसं नव्हती. तिने डबा उचलून त्यांच्या टेबलावर, कालच्या अंकावर ठेवला.

"हे घ्या. तुमचं लिवलेलं ऐकून भरलं. आता तुम्हीच सांगा, ह्ये तिकडं कसं धाडायचं."

डब्याचं तोंड कथलाने झाळून बंद केलेलं होतं. मास्तरांना काही कळेना. "यात काय आहे?"

"पानी."

मग उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. तिचा एकुलता एक मुलगा वेल्डर. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या धरणावर कामाला होता. तिथल्या एका ठेकेदाराने चांगली माणसं निवडून इराकला पुलाच्या कामावर नेली, त्यात हाही गेला. मावशीला वाचता येत नव्हतं. सकाळी नळावर रांगेत शेजारची सून पेपर वाचून दाखवायची. तिने वाचलं की तिथे पाणी नाही, काडी उगवत नाही, माणसांना दया नाही. तेव्हा मावशीने टँकरच्या पाण्यातून थोडं थोडं बाजूला काढलं, डबा भरला, झाळून घेतला. उदगीरचा एक माणूस त्याच कामावर निघाला होता, त्याच्याजवळ दिला. त्याने तो उदगीर स्टेशनपर्यंत नेला आणि लोक हसायला लागले तेव्हा परत पाठवून दिला. विमानात पाण्याचा डबा चढू देत नाहीत म्हणे.

कुणी हसलं नाही. हात मळलेला फोरमन दारात येऊन उभा राहिला होता.

"तुम्ही जाऊन आलाव का तिथं?" तिने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

"तिथलं मानूस कुणी भेटलं?"

"नाही, मावशी."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "मावशी, त्या देशात दोन मोठ्या नद्या आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "मी शाळेत पोरांना शिकवायचो. दोन नद्यांच्या मधला देश."

"गोदावरीएवढ्या?"

"तशाच. मोठ्या."

मावशीने टेबलावरच्या डब्यावर हात ठेवला. "मग पानी न्हाई आसं कामून लिवलं?"

"सवयीनं," मास्तर म्हणाले. "लिहायला बरं दिसतं म्हणून."

"बरं दिसतं," ती म्हणाली. रागाने नव्हे, पण मला तो शब्द आजही ऐकू येतो. "मी घोटाघोटानं पिऊन राहिले, मास्तर. लेकरू तिकडं तहानलेलं आन मी हितं तांब्याभर पिऊ? तोंडाची चवच गेली. भाजी बी चाखू वाटंना."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मीठ कुठे गेलं ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

डबा ती परत न्यायला तयार नव्हती. "पानी हाय, टाकायचं न्हाई. माठात वता, पोरं पितील." फोरमनने छिन्नीने डबा फोडला आणि पाणी माठात ओतलं. संध्याकाळपर्यंत बाकी सगळे ते प्यायले. मास्तर त्या दिवशी बाहेर जाऊन हॉटेलात पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी परदेशावर अग्रलेख नव्हता, ज्वारीच्या पेरणीवर काहीतरी गुळमुळीत होतं. मास्तर जागेवर नव्हते. ते गोलाईतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेले होते. हा घड्याळजी तरुणपणी वडिलांबरोबर बगदादच्या दर्ग्यांच्या जियारतीला, म्हणजे यात्रेला, जाऊन आला होता. परत आल्यावर मास्तरांनी मला तो सगळा संवाद करून दाखवला. यांनी तिथली भाकरी विचारली, नदी विचारली, बाजार विचारला, आणि शेवटी विचारलं, तिथं पाणी कोण भरतं?

घड्याळजी म्हणाला, "औरतांच भरते, मास्तरसाब. घागर खांदे पे रखते, सर पे नही. बस, इत्ताच फरक."

मास्तरांचा प्रश्न जन्मला तो त्या दुकानात. त्यानंतर त्यांना तो सोडता आला नाही.

इराकवर पुन्हा अग्रलेख आला तेव्हा मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा मजकूर माझ्याकडे आला. युद्ध होतं, कुणाचं चुकतंय तेही होतं. पण त्यासोबत नदीकाठची खजुराची झाडं होती, पहाटे भट्टीपुढे रोटीसाठी लागणारी रांग होती, खांद्यावर घागर घेऊन घाटाच्या पायऱ्या चढणाऱ्या बाया होत्या. त्या बायांचीही मुलं लढायला गेली आहेत आणि त्याही पेपर वाचून घेतात, असं त्यात होतं. इशारा कुणालाच नव्हता.

"आपला पेपर हाय का भूगोलाचं पुस्तक?" मालक म्हणाले. "पहिल्यासारखं जळजळीत लिवा की."

"जळजळीत लिहायला आधी तिथं जाऊन यावं लागेल," मास्तर म्हणाले. "भाडं देता?"

मालक भाड्याचं नाव काढल्यावर कधी वाद घालत नसत. मास्तरांचं लिहिणं तसंच चालू राहिलं. घड्याळजीचं आठवणीतलं संपलं तेव्हा त्यांनी नांदेडला जाऊन जुन्या ग्रंथालयातून प्रवासवर्णनं आणली, देगलूरच्या, कुराण पाठ असलेल्या एका हाफिजजींना गाठलं. जे कुणी सांगायचं त्याला ते एकदा तरी विचारत, "हे तुम्ही पाहिलं की ऐकलं?" ऐकलं असेल तर लेखात 'म्हणतात' हा शब्द घालत. मी एकदा जागा पुरेना म्हणून तो शब्द काढला तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

गाव हळूहळू वळलं. सलूनमध्ये आता त्या नद्यांना पूर येतो का यावर चर्चा होऊ लागली. 'इराकवाला' हे नाव त्या पक्षकाराला चिकटलं ते चिकटलंच, पण नव्याने कुणाला पडलं नाही. कुणीतरी ऑफिसात कागदात बांधून खजूर आणून ठेवला आणि नाव न सांगता गेलं. डब्यातलं मीठ परत आलं. मावशी अधूनमधून यायची, मास्तरांच्या समोरच्या स्टुलावर बसायची आणि उद्याचं आज ऐकून जायची. तिच्या घरी मुलाने घेऊन दिलेला टेपरेकॉर्डर होता. कुणी तिकडे जाणारं मिळालं की ती कॅसेट भरून पाठवायची.

"काय बोलता कॅसेटमध्ये?" मी विचारलं.

"काय बोलनार? तुज्या देशात आसं आसं हाय म्हनते. मास्तर सांगत्यात तसं. खजुराची झाडं हायती नदीवर, सुट्टी आसली की बघून ये म्हनते."

मी तिच्या घरी एकदा गेले होते. पत्र्याची खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर घेतलेल्या मुलाचा फोटो. चुलीशेजारी कारकुनांचे डबे ओळीने मांडलेले.

मग एके दिवशी संध्याकाळच्या बातम्यांत ते शहर आलं. ज्याच्या बाहेर पुलाचं काम चालू होतं तेच. शहरावर तोफांचा मारा झाला होता. मास्तरांनी रेडिओ बंद केला नाही, बातम्या संपून शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला तरी तो चालूच होता.

"दुसऱ्या विषयावर लिहा, मास्तर," मी म्हणाले. फोरमनही तेच म्हणाला. पेरण्या होत्या, नवा जिल्हा होता, विषयांना काय तोटा.

"खोटं लिहायचं नाही," ते म्हणाले. "आणि आज गप्प बसलो तर तेही खोटंच. ती उद्या विचारणार, आज तिथलं का नाही लिहिलं म्हणून. पण एक करू. तिनं ते नळावर ऐकायचं नाही. ताई, उद्या पहिल्या गाडीने या."

मी आले. हवेत अजून गारवा होता. रूळ ओलांडून आम्ही वस्तीत गेलो तेव्हा नळापुढे घागरींची रांग लागली होती. ज्यांना थांबणं शक्य नव्हतं त्यांनी घागरीऐवजी आपापला दगड ठेवला होता. कुणाचा दगड कुठला हे सगळ्यांना पाठ असायचं. मावशी रांगेच्या मधोमध होती. आम्हाला बघताच तिच्या हातातली चुंबळ खाली पडली.

"बसा मावशी, मी वाचतो," मास्तर म्हणाले.

"उभ्यानं ऐकते."

त्यांनी वाचलं. अग्रलेख लिहिताना ते मोठमोठ्याने वाक्यं म्हणायचे, वर्गात कविता शिकवल्यासारखे. त्या दिवशी तो आवाज नव्हता. तोफा कुठे पडल्या, कुठल्या बाजूला पडल्या, रेडिओने किती सांगितलं आणि किती नाही, ते सगळं त्यात होतं. भट्टीपुढची रांग त्या सकाळी लागली असेल का, असा एक प्रश्न होता. आणि शेवटी लिहिलं होतं, 'शहराबाहेरच्या पुलावर आपल्या भागातील माणसे कामास आहेत. त्यांची खबर नाही. येईल तेव्हा याच जागी देऊ.'

वाचून दाखवणारी शेजारची सून पदराने डोळे पुसत होती. मावशीने रडण्याआधी विचारलं, "ते भट्टीचं म्होरं वाचा की पुन्यांदा."

मास्तरांनी पुन्हा वाचलं.

"म्हंजी तिथं बी कुणी माय वाट बघत बसली आसंल," ती म्हणाली, आणि मग तिला धरावं लागलं.

पाणी आलं. बायांनी तिची घागर पुढे सरकवून आधी भरली. तिच्या हातांना जोर नव्हता, तेव्हा मास्तरांनी ती उचलली. त्यांना डोक्यावर घेता येईना, म्हणून खांद्यावर घेतली. गुडघे दुखत होते, चाल वाकडी होती, निम्मं पाणी बंडीवर सांडलं. मावशीच्या दारात त्यांनी ती खाली ठेवली. त्या दिवशीही डबा आला. उशिरा आला आणि भाजीत मीठ दुप्पट होतं. मास्तरांनी ती सगळी खाल्ली.

त्यानंतर रोज, अग्रलेख कशावरही असो, खाली एक ओळ असायची: 'पुलाची खबर नाही.' गाव अग्रलेख खालून वाचायला लागलं. एसटीत माझ्या हातातला अंक लोक मागून घ्यायचे, शेवटची ओळ बघायचे आणि परत द्यायचे. दाढी अर्धी सोडून माणसं विचारायची, आज काय आहे? ज्यांनी त्या देशाला शिव्या दिल्या होत्या तीच ही माणसं. मालक रोज दुपारी ऑफिसात येऊन नुसते उभे राहायचे. एकदा म्हणाले, "ती ओळ जरा जाड टायपात घ्या. म्हाताऱ्या मानसांना दिसत न्हाई." मला त्या दिवशी पहिल्यांदा मालक आवडले.

खबर आली ती कॅसेटमधून. उदगीरचा तोच माणूस, डबा परत पाठवणारा, तिथून कॅसेट घेऊन सुटून आला होता. तो स्टेशनवरून घरी न जाता थेट लातूरला आला. मावशी कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन ऑफिसात आली, कारण तिला ती एकटीने ऐकायची भीती वाटत होती. फोरमनने मशीन थांबवलं.

आधी खरखर झाली. मग मुलाचा आवाज आला. "आई, मी बरा हाय."

पुढचं मावशीने त्या दिवशी ऐकलंच नाही. तोंडात पदर कोंबून ती रडत होती. ते आम्ही ऐकलं. मुलगा सांगत होता की कामावरची माणसं भिंतीच्या आत राहतात, गाडीतून पुलावर आणि पुलावरून भिंतीच्या आत. "ह्या देशात येऊन मी देशच बघितला न्हवता, आई. तू मास्तरांचं सांगितलंस म्हनून सुट्टीच्या दिशी नदीवर गेलो. खरंच खजुराची झाडं हायती. मग दर सुट्टीला जायलो. तोफा पडल्या तवा सगळे मोठ्या रस्त्यानं पळाले. मला नदीची वाट ठावं होती, मी दोघांला घिऊन तिकडं पळालो. एका म्हातारीनं घरात घेतलं. तिची भाषा कळंना. तिनं आधी पानी दिलं, आन मग मी किती बी न्हाई म्हनलो तरी आनखी देतच ऱ्हायली."

कॅसेट संपली. सगळे मास्तरांकडे बघत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला, पुन्हा चढवला.

"घागर खांद्यावर होती की डोक्यावर, ते नाही सांगितलं त्यानं," ते म्हणाले, आणि उठून मागच्या अंगणात गेले. बराच वेळ आले नाहीत.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात जाड टायपात तीन शब्द होते: 'पुलाची खबर आली.' त्या दिवशी ज्यांनी एकमेकांना पेढे दिले त्यांतल्या निम्म्यांनी मावशीला कधी पाहिलं नव्हतं.

पुढे मुलगा परत आला, औसा रस्त्याला त्याने वेल्डिंगचं दुकान टाकलं. मावशीच्या खानावळीची गरज राहिली नाही, कारकुनांची बायकामुलं लातूरला आली होती. खिळ्यांचं मशीन गेलं, ऑफसेट आलं. मास्तरांचे गुडघे अगदीच बसले आणि ते नांदेडला गेले. त्यांची पत्रं यायची, त्यात माझ्या अग्रलेखांतल्या चुका असायच्या. अग्रलेखाचं काम आता माझ्याकडे आलं होतं. मग पत्रं थांबली. एका थंडीत ते गेले. आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. गोदावरीला त्या वर्षी भरपूर पाणी होतं.

त्यांची खुर्ची मी मधल्या खोलीत तशीच ठेवली होती. ती रिकामी असावी असा काही नियम नव्हता, पण तिच्यावर कुणी बसत नसे. आलेला माणूस स्टूल ओढायचा.

काही काळाने त्याच देशावर दुसरं युद्ध आलं. या वेळी घरोघरी टीव्ही होता. सगळं गाव रात्रीच्या आकाशातले हिरवे ठिपके बघत होतं आणि कुठलं क्षेपणास्त्र किती लांब जातं ते एकमेकांना सांगत होतं. माझ्या टेबलावर दिल्ली-मुंबईचे पेपर पडले होते. जळजळीत काहीतरी लिहायच्या विचारात मी होते, आणि ते सहज जमणार होतं.

मावशी दारात उभी होती. पार वाकली होती, एका हाताने चौकट धरून श्वास घेत होती.

"ताई, पोरानं टीव्ही घेतलाय," ती म्हणाली. "रातभर बघून राहिले. नुसता उजेड पडतो गं त्याच्यात. एक मानूस दिसत न्हाई. ती म्हातारी कुठं आसंल?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मास्तर न्हाईत. आता तिथलं कोन लिवतंय?"

"मी लिहिते, मावशी."

"तू?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ती पुढे आली, टेबलाला धरून वळली आणि मास्तरांच्या खुर्चीवर बसली. तिच्यावर कुणी बसत नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

"मग लिव," ती म्हणाली. "मी बसते. लिवून झालं की मला आधी वाचून दाव."

समोरचे पेपर मी बाजूला सारले. मग बगदाद पाहून आलेल्या त्या घड्याळजीचा मुलगा अजून दुकानात बसतो का, ते बघायला माणूस पाठवला.